कोरोनानं सवयी बदलल्या का? एका किराणा दुकानदाराचं उत्तर

तुझा प्रश्न असा होता: "काका, कोरोनानं लोकांच्या कामाच्या, खरेदीच्या, भेटीगाठींच्या सवयी कायमच्या बदलल्या असं जो तो म्हणतो. तुम्ही इतकी वर्षं काउंटरमागे उभे आहात, तुम्हाला खरंच काय बदललेलं दिसलं?" एम.ए.च्या प्रबंधासाठी हवंय म्हणालीस, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याला बत्तीस वर्षं किराणा मालाचं दुकान चालवतोय, त्याआधी वडील चालवायचे. लोकांच्या मनातलं मला कळत नाही, त्यांच्या पिशवीतलं कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भीतीपोटी लागलेली सवय भीती ओसरली की जाते. टिकली ती सवय, जिनं आधीपासूनचा एखादा वैताग मिटवला. तुझ्या प्रबंधात 'भीती' आणि 'वैताग' असे दोन रकाने पाड आणि प्रत्येक बदल कुठल्या रकान्यात जातो ते बघ. तिसराही एक रकाना लागेल, त्याचं शेवटी सांगतो.

पहिल्या रकान्याचा पुरावा पुण्यातलाच आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. शाळा, कॉलेजं, मॉल, मल्टिप्लेक्स, सगळं बंद. औषधांच्या दुकानांपुढे मास्कसाठी रांगा. माझ्याकडे कापूर आणि वेलदोडे इतके खपले की पंधरा दिवसांत दोनदा माल मागवला, कारण त्यांची पुरचुंडी हुंगत राहिलं की फ्लू होत नाही असं कुणीतरी उठवून दिलं होतं. दिवाळीपर्यंत ते मास्क कपाटाच्या तळाशी गेले आणि हात धुणंही पहिल्यासारखं 'दिसले तर धुवा' असं झालं. (पुण्याच्या स्कूटरवरच्या मुलींचं सोड. त्या त्याआधीपासून डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात, ते धुळीसाठी आणि उन्हासाठी.) त्यामुळे २०२० मध्ये जेव्हा सगळे म्हणायला लागले की आता जग कायमचं बदललं, तेव्हा मी मनात म्हटलं, थांबा जरा.

२४ मार्च २०२० ची रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण सुरू झालं आणि ते संपायच्या आत दुकानापुढे माणसं जमली. तांदूळ, तूरडाळ, कणीक, तेल, मॅगी, पार्ले-जी. तासाभरात कणकेचा शेवटचा कट्टा गेला. वर खिळ्याला पाडव्यासाठी आणलेल्या साखरेच्या गाठी टांगलेल्या होत्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. पाडव्याच्या आदल्या रात्री गाठी शिल्लक राहिलेल्या मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. पुढे महिनाभर आम्हीच त्या फोडून चहात घातल्या.

त्या रात्रीची साठेबाजी टिकली का? अजिबात नाही. तीनएक आठवड्यांत लोकांना कळलं की रोज सकाळी टेम्पो येतोय. आणि जून उजाडता उजाडता बायका विचारायला यायला लागल्या, "रव्यात अळ्या झाल्यात, काय करू?" पाच-पाच किलो रवा भरून ठेवणाऱ्यांना तो भाजून ठेवायचा असतो हे माहीत नव्हतं. डाळींना पोरकिडे, गव्हाला टोके. पावसाळ्यानं साठ्याची हौस परस्पर फेडली.

पार्ले-जीचं म्हणशील, तर त्या एप्रिल-मेमध्ये कित्येक दशकांतला सर्वाधिक खप झाल्याचं कंपनीच्याच लोकांनी सांगितलं होतं. कारण साधं होतं. स्वस्त, टिकाऊ, आणि वाटपाच्या किटमध्ये टाकायला सोपं. कंपन्यांनीही शहाणपणा केला. एकाच साबणाचे आठ वास, एकाच बिस्किटाचे सहा स्वाद बाजूला ठेवून जे हमखास खपतं तेवढंच बनवायला घेतलं. जे गिऱ्हाईक दहा वर्षं एकाच चहाला चिकटून होतं, ते "जो असेल तो द्या" म्हणायला लागलं. त्यातलं निम्मं परत आपल्या जुन्या चहाकडे गेलं. निम्म्याला कळलं की चवीत फार फरक नव्हता.

सॅनिटायझरमध्ये मी स्वतः हात पोळून घेतले. मार्च २०२० मध्ये सरकारनं दोनशे मिलीच्या बाटलीला १०० रुपये कमाल किंमत बांधून दिली, इतकी मागणी होती. मी दुसऱ्या लाटेत पाच लिटरचे बारा कॅन उचलले. धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, स्वाइन फ्लू पाहिलेला, तरी उचलले. चार विकले गेले. उरलेल्यांनी दोन वर्षं आमच्या काउंटरची काच लखलखीत ठेवली.

आता सुट्या मालाकडे ये, कारण इथे तुझ्या प्रबंधाला खरं खाद्य आहे. माझे वडील पावशेर साखरेची पुडी एका हातानं बांधायचे, वर दोऱ्याचे दोन वेढे, पुडी फेकली तरी सुटायची नाही. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि ती कला गेली. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा मी परत रद्दी घ्यायला लागलो, माझा मुलगा पुडी बांधायला शिकला. आणि दोनच वर्षांत कोरोना. एप्रिल २०२० मध्ये पुण्या-मुंबईत घरोघरी पेपर टाकायलाच बंदी आली. पेपर नाही म्हणून रद्दी नाही, आणि असती तरी दुसऱ्याच्या घरातल्या कागदात बांधलेली साखर घेणार कोण? लोक वजनकाट्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "सुटं नको, पाकीट द्या." मी पहाटे चारला उठून डाळींची अर्ध्या नि एक किलोची पाकिटं भरून सील करायचो. लोकांना वाटायचं पाकीट म्हणजे कुणाचा हात लागलेला नाही. हात माझाच होता.

हे मात्र टिकलं, निदान तरुण घरांमध्ये. कारण इथे आधीचा वैताग होता: सुटं घेतलं की घरी नेऊन निवडायचं. पाकिटातली डाळ बहुधा निवडलेली असते. भीती गेली, पण निवडणं वाचलं. साठीच्या पुढच्या बायका अजूनही तांदूळ तळहातावर घेतात, दोन दाणे दाताखाली धरतात, मगच "हा द्या" म्हणतात. त्यांच्यासाठी मी चार पोती उघडी ठेवतो. मग १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला आणि सुटा माल करातून सुटला. लगेच बाजारात सव्वीस किलोचे, तीस किलोचे कट्टे आले! रोगानं लोकांना पाकिटाकडे ढकललं आणि करानं व्यापाऱ्याला पोत्याकडे. तेव्हा २०२२ नंतरच्या खरेदीचे आकडे वाचताना सगळं कोरोनाच्या खात्यावर मांडू नकोस. तीच गोष्ट छोट्या पाकिटांची. २०२१ मध्ये गोडं तेल कडाडलं तेव्हा पाच लिटरचा डबा नेणारे एक लिटरच्या पिशवीवर आले. ती महागाई होती. सवय बदलल्याचा देखावा तेवढा होता.

पैसे देण्याघेण्याचं मात्र खरंच बदललं, आणि का बदललं ते नीट बघ. नोटाबंदी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. तेव्हाही सगळे म्हणाले की रोकड संपली. मी कार्डाचं मशीन घेतलं. प्रत्येक व्यवहारामागे बँक माझ्याकडून पैसे कापायची. साखरेवर मला सुटतं काय, आणि त्यातून बँकेला द्यायचं काय? नोटा परत आल्या तसं मशीन काउंटरखाली गेलं, "रेंज नाही" असं सांगायला मी शिकलो. खोटं का बोलू, आमच्या लाइनीतले सगळेच शिकले. २०२० मध्ये गोष्ट वेगळी होती. डेटा स्वस्त होऊन तीन वर्षं उलटली होती, गिऱ्हाइकाच्या हातात फोन होता, कुठल्याही ॲपनं कुठलाही क्यूआर चालत होता, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क शून्य झालं होतं. म्हणजे वाट आधीच बांधून तयार होती. कोरोनानं लोकांना तिच्यावर ढकललं.

आकडे तुला हवे असतील. एप्रिल २०२० मध्ये, सगळं ठप्प असताना, देशात महिन्याला शंभर कोटींच्या जरा खाली यूपीआय व्यवहार झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते दोनशे कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये हजार कोटींवर. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेव. २०२०-२१ या वर्षात चलनातल्या नोटांचं मूल्य जवळपास सतरा टक्क्यांनी वाढलं. म्हणजे लोक मला फोनवरून पैसे देत होते आणि नोटा कपाटात ठेवत होते, दवाखान्यासाठी, अडीनडीला. आमच्या गल्ल्यात नोटा नव्हत्या, पण घराघरांत होत्या. सवय आणि भीती एकाच माणसात, एकाच महिन्यात, उलट्या दिशांना चालल्या होत्या. हे प्रकरण तुझ्या सरांना दाखव.

सुरुवातीला नोटांची काय दशा होती! काउंटरवर मी स्टीलचं ताट ठेवलं होतं. गिऱ्हाइकानं नोट ताटात टाकायची, मी तिच्यावर फवारा मारायचा, मग ती वाळायला दोरीवर. दहा-वीसच्या नोटा चिमट्यांना लटकलेल्या बघून एका नातवानं आजोबांना विचारलं होतं, "यांनी पैसे धुतले का?" धुतलेच होते. तो प्रकार सहा महिन्यांत बंद पडला. सुट्ट्या पैशांची कटकट मात्र कायमची मिटली. पूर्वी दोन रुपये परत द्यायला नसले की आम्ही चॉकलेट टेकवायचो. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पोरं खूश व्हायची. आता १४७ रुपये म्हणजे १४७. चॉकलेटच्या बरणीचा खप किती पडला ते मलाच माहीत. पहिल्या वर्षी एका पोरानं मला आदल्या दिवशीचाच स्क्रीनशॉट तीनदा दाखवून तीन कोल्ड्रिंक नेली. मग बोलणारा स्पीकर आणला. आता पैसे आले की तोच ओरडून सांगतो, मान वर करावी लागत नाही.

यातून छोटी उधारी मेली. "सुट्टे नाहीत, उद्या देतो" हे निमित्तच उरलं नाही. मोठी उधारी मात्र त्या दोन वर्षांत जितकी वाढली तितकी माझ्या आयुष्यात वाढली नव्हती, आणि ती वाढली अशांच्या घरी, ज्यांचं नाव माझ्या वहीत कधीच नव्हतं. ब्यूटी पार्लरवाल्या एक ताई. मंगल कार्यालयात वाढपी पुरवणारा एकजण. आणि शाळेच्या व्हॅनवाले एक काका, ज्यांचं गिऱ्हाईकच शाळेत जाणारी मुलं, आणि शाळा मार्च २०२० मध्ये ज्या बंद झाल्या त्या धड सुरू व्हायला जवळपास दोन वर्षं गेली. पहिले दोन महिने ते आलेच नाहीत. मग एकदा दुकान बंद करताना आले. यादी मागितली तर खिशातून काढली नाही, तोंडानं चारच वस्तू सांगितल्या. मी वहीत नवं पान घातलं. व्हॅनच्या सीटा काढून त्यांनी भाजी विकायला सुरुवात केली. 'विद्यार्थी वाहन' अशी मागे अक्षरं, आणि आत मेथीच्या जुड्या. ते पान २०२३ च्या दिवाळीत मिटलं, कधी दोनशे, कधी पाचशे असं करत. त्यांनी शेवटचे पैसे रोख दिले. फोनवरून का नाही दिले, तर म्हणाले, "वहीत मांडलेलं हातानंच खोडायचं असतं."

कामाचं बोलायचं तर 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द माझ्या रस्त्यावरच्या फार तर निम्म्या घरांना लागू होता. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारी पोरं घरात बसली, हे मला सकाळी अकरा नि दुपारी चारच्या खपावरून कळलं. पूर्वी दुकानात गर्दी संध्याकाळी सात ते नऊ. २०२० च्या उत्तरार्धात ती दिवसभर पसरली. चहा पावडर, कॉफी, फरसाण, इन्स्टंट नूडल्स दुपारीच उठायचे. ऑफिसात जे फुकट होतं ते आता घरखर्चात आलं. आता आठवड्यातले काही दिवस ऑफिस झालंय, आणि सोमवारी-शुक्रवारी दुपारी माझ्याकडे जरा जास्त वर्दळ असते, त्यावरून कुणाचा कुठला वार घरी ते मी सांगू शकतो. ही सवय टिकली, कारण हिंजवडीची वाहतूक हा वैताग कोरोनाच्या आधीचा होता आणि अजूनही आहे.

ज्यांचं काम हातापायांचं होतं त्यांना 'घरून काम' नव्हतं, 'घरी' नाहीतर 'काम' एवढंच होतं. मुंबईच्या डबेवाल्यांचं तर कंबरडंच मोडलं. लोकल बंद, कचेऱ्या बंद, डबा न्यायचा कुणाकडे? लसीचे दोन डोस झालेल्या सामान्य प्रवाशाला लोकलची दारं उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं. माझ्याकडे लातूर बाजूचा एक पोरगा नऊ वर्षं कामाला होता. मे २०२० मध्ये गावी गेला आणि तिथंच शाळेसमोर दुकान टाकलं. अजून फोन करतो, "मालक, शेंगदाणा काय भाव?" मालक म्हणतो खरा, पण आता तोही मालक आहे.

आणखी एक गोष्ट टिकली, जी मला दुकानदार म्हणून टोचते पण मान्य करावी लागते. एप्रिल २०२० मध्ये मार्केट यार्डाचा फळभाजी विभाग बंद झाला तेव्हा आंब्याचे दिवस होते. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी सोसायट्यांशी थेट संधान बांधलं. एका सोसायटीची दोनशे डझनांची मागणी, रात्री टेम्पो निघायचा, सकाळी गेटवर पेट्या. अढी घातलेला हापूस, मधे दलाल नाही, आम्हीही नाही. तो व्हॉट्सॲप ग्रुप दर फेब्रुवारीत परत जागा होतो. पूर्वी सीझनला माझ्या दारात पेंढ्याचा वास असायचा, आता मी आंबा ठेवतच नाही.

यादीचं काय झालं ते ऐक. पूर्वी एक ते दहा तारखेत महिन्याचा किराणा भरला जायचा. कुणी वहीचा कागद घेऊन यायचं, मी मोठ्यानं वाचायचो, आणि वाचता वाचता यादी वाढायची. "पोहे लिहिलेत, शेंगदाणे आहेत का घरी?" "अहो हो, घाला पावशेर." घरपोच सेवा आमच्याकडे वडिलांच्या सायकलीपासून होतीच, ती काही कोरोनानं आणलेली नाही. कोरोनानं फक्त कागदाचा फोटो आणला. एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ मिळाली (वेळ कमी केली की गर्दी कमी होत नाही, ती दाटते, हे ठरवणाऱ्यानं कधी दुकान चालवलं नसावं), तेव्हा रात्रभर यादीचे फोटो यायचे, आम्ही पहाटे पिशव्या भरायचो आणि सोसायटीच्या गेटवर ओळीनं मांडून ठेवायचो. वॉचमन फ्लॅट नंबर पुकारायचा. फोटोतली यादी वाढत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात गल्ल्यावरून कळलं. लिहिलं तेवढंच जातं.

पण लोकांना गेटवर सामान घ्यायची सवय आम्ही लावली आणि तिच्यावर बसले दहा मिनिटांवाले. झेप्टो २०२१ मध्ये आली, ग्रोफर्सनं त्याच वर्षाच्या शेवटी ब्लिंकिट नाव घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! महिन्याची यादी त्यांनी फोडली. आता कोथिंबीर आणि पाव किलो साखर अशी ऑर्डर दिवसातून दोनदा जाते. माझ्याकडे महिन्याचं जड सामान राहिलं: तेलाचे डबे, तांदळाचा कट्टा, गूळ, आणि उपासाच्या आदल्या दिवशीचा साबुदाणा. माझी स्वतःचीही एक सवय गेली. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा आमचा पिढीजात रिवाज. मी शटरवर पाटीच रंगवून घेतली होती. ॲप झोपत नाही म्हणून २०२२ पासून मीही झोपत नाही.

भेटीगाठींचं मला आचाऱ्याच्या यादीवरून कळतं. लग्नाचा किराणा माझ्याकडून जातो. कोरोनाआधी सरासरी लग्नाची तूरडाळ मी पोत्यात मोजायचो. मग पन्नास माणसांचं बंधन आलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तासांत लग्न उरका. डाळ दोन किलो! तेव्हा किती आईबाप मला म्हणाले, "बरंच झालं, खर्च वाचला, आता असंच असायला हवं." मी तेव्हाच म्हटलं होतं, बघू. एप्रिल २०२२ मध्ये, पाडव्याच्या तोंडावर, निर्बंध उठले आणि त्याच मे महिन्यात आचाऱ्याची यादी पूर्वीपेक्षा लांब झाली. लग्नाचा खर्च हा वैताग खराच, पण लोकांना तो हवा असलेला वैताग आहे.

गणपतीचं उलट झालं. २०२० मध्ये घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, मंडळांची चार फुटांपर्यंत, आणि पुण्यात नदीकाठचे घाट बंद. लोकांनी घरात बादलीत विसर्जन केलं, मूर्ती प्लास्टरची असेल तर अमोनियम बायकार्बोनेट घालून. शाडूची असेल तर नुसतं साधं पाणी, आणि ते मग झाडांना. महापालिका ती पावडर आधीही वाटायची, घेणारे थोडे. आता आमच्या बिल्डिंगीत अर्ध्याहून जास्त घरं बादलीतच करतात. अनंत चतुर्दशीला गाडी कुठं लावायची हा प्रश्न ज्यानं एकदा सोडवलाय, तो परत नदीवर जात नाही. वारीचं बघ. २०२० आणि २०२१ मध्ये संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. सोय म्हटली तर केवढी! पण २०२२ ला पालख्या परत पायी निघाल्या, आणि माझ्याकडून राजगिरा लाडू, खजूर नेणाऱ्या दिंड्यांची मागणी तसूभरही घटली नाही. वारीत चालणं हा कुणाला वैताग वाटतच नव्हता.

आता एक अडचणीची गोष्ट. कुणी गेलं की समाचाराला जायची रीत. दहाव्या-तेराव्याचं सामान माझ्याकडून जातं, त्यामुळे कुठल्या घरात काय झालं ते मला कळतं, आणि किती चपला दाराबाहेर असतात तेही सामान पोचवताना दिसतं. त्या दोन वर्षांत जाणं शक्यच नव्हतं, अंत्यविधीला वीस माणसं. लोक फोन करायचे, नाहीतर ग्रुपवर दोन शब्द. बंदी उठली, लग्नं दुप्पट झाली, पण समाचाराच्या चपला पूर्वीइतक्या झाल्या नाहीत. माझ्या दोन रकान्यांत हे बसवायला गेलो तर दुसऱ्या रकान्यात जातं, आणि ते मला आवडत नाही. म्हणजे ते जाणं आपल्याला आधीपासूनच जड होत होतं, आणि न जायला कुणीतरी परवानगी द्यायचीच खोटी होती. मीही त्यात आलो. २०२३ मध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी मी फोनवरच आटोपलं. घर चार इमारतींवर आहे.

तिसरा रकाना म्हणालो होतो. दुकानाबाहेर एक सागवानी बाक होता, वडिलांच्या वेळचा. रोज सकाळी साडेसातला त्यावर चौघं निवृत्त बसायचे. एक पेपर चौघांत, पानं सुटी करून. खरेदी म्हणशील तर फार तर तपकिरीची डबी. मार्च २०२० मध्ये मी रस्त्यावर ऑइलपेंटनं गोल काढले, सहा-सहा फुटांवर, आणि बाक आडवा करून काउंटरपुढे लावला, लोकांनी अंतरावर राहावं म्हणून. दुसऱ्या लाटेत चौघांतले दोघं गेले, एप्रिल २०२१ मध्ये, आठ दिवसांच्या फरकानं. तिसऱ्यांना मुलानं बंगळूरला नेलं. चौथे अजून येतात, पण उभ्यानंच सामान घेऊन जातात. 'सकाळी कट्ट्यावर बसायची सवय गेली' असं कुठल्या पाहणीत आलं, तर तिथं हे लिही की सवय बदललेली नाही, ती ज्यांची होती ती माणसं उरली नाहीत.

गेल्या वर्षी मी बाक परत बाहेर काढला. आता त्यावर दहा मिनिटांवाल्यांची पोरं बसतात, पुढची ऑर्डर येईपर्यंत. मुलगा म्हणतो, आपल्याच दारात आपली गिऱ्हाइकं पळवणारे कशाला बसवून घेता? पण उन्हातून आलेली असतात. त्यांचे फोन चार्जिंगला लावायला मी एक बोर्ड बाहेर काढून दिलाय. पाण्याची बाटली घेतात, स्पीकर ओरडतो.

तुला २०२० ची वही बघायची असेल तर ये. नावं असलेली पानं दाखवणार नाही, बाकी काय हवं ते उतरवून घे. दोन-अडीचला आलीस तर निवांत बोलता येईल. शटरवरची पाटी वाचून परत जाऊ नकोस, ती जुनी आहे.